नाशिकहून विमानाने जाताना: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर हिशेब

‘नाशिक ते मुंबई हवाई अंतर किती’ असे नेटवर शोधले की १५८ किलोमीटरच्या आसपासचा आकडा मिळतो आणि त्याखाली उड्डाणाचा वेळ बारा मिनिटे असेही लिहिलेले सापडते. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र निव्वळ भागाकारातून आलेली आहे: १५८ भागिले ताशी ८०० किलोमीटर. कोणतेही प्रवासी विमान नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडून बारा मिनिटांत मुंबईत उतरत नाही. तेवढ्यात ते धड वरसुद्धा पोचत नाही.

गडबड होते ती तीन वेगळे आकडे एकच समजल्याने. पहिला आकडा दोन विमानतळांमधल्या सरळ हवाई अंतराचा. दुसरा तिकिटावरच्या वेळेचा, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. तिसरा तुमच्या घरापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा. नाशिककराला ओझरहून जावे, मुंबई गाठावी की सरळ रेल्वेत बसावे हे ठरवायला तिसरा आकडा लागतो, आणि तो कोणतीही वेबसाइट देत नाही. तो आपणच काढायचा असतो. वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि पंधरा-वीस मिनिटे एवढ्यावर काम होते.

पायरी १: दोन्ही टोके नीट धरा

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचे? बऱ्याच ठिकाणी ते शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेले असते. विमान रामकुंडावरून उडत नाही, ते ओझरच्या धावपट्टीवरून उडते. रामकुंड ते ओझर विमानतळ सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर आहे. दिल्लीच्या हिशेबात हा फरक किरकोळ ठरतो, इंदूर किंवा अहमदाबादच्या हिशेबात तो जाणवतो.

ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे आपल्या एचएएलचा. मिग विमानांसाठी १९६४ साली इथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० इथेच बांधली गेली, आणि त्याच तीन किलोमीटरच्या धावपट्टीवरून आज प्रवासी विमाने उडतात. प्रवाशांची इमारत जानोरीच्या बाजूला आहे. तिकिटावर नाशिकचा कोड ‘आयएसके’ असतो. शहरातल्या गांधीनगरला लष्कराची जुनी धावपट्टी आहे, आणि काही जुन्या याद्यांमध्ये नाशिकचा विमानतळ म्हणून तीच दिसते. तिथले अक्षांश-रेखांश घेऊ नका. हिशेबासाठी ओझरचे आकडे लिहून ठेवा: अक्षांश २०.१२ उत्तर, रेखांश ७३.९१ पूर्व.

दुसरे टोकही तपासा. गोव्यात दोन विमानतळ आहेत, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेकडे दाबोळी. ओझरपासून मोपा सुमारे ४८७ किलोमीटर, दाबोळी सुमारे ५२७. हवेतला हा चाळीस किलोमीटरचा फरक पाच मिनिटांचा आहे, पण मडगाव किंवा काणकोणला मुक्काम असेल तर मोपाला उतरल्यावर टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, हैदराबादचा शमशाबादला. दोन्ही शहरांपासून बरेच बाहेर. ही नोंद आत्ताच करून ठेवा, शेवटच्या हिशेबात लागेल.

कुठल्याही ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मिळवायला गूगल मॅप्सवर त्या विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, पिन पडते आणि दोन आकडे दिसतात. संगणकावर माउसचे उजवे बटण दाबले की तेच.

पायरी २: सरळ अंतर काढा

सोपा मार्ग म्हणजे गूगल मॅप्समधली ‘अंतर मोजा’ ही सोय. पिन टाका, ‘अंतर मोजा’ निवडा, नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा. झाले. पण एकदा हाताने काढून बघा, म्हणजे पुढे कुणी काहीही आकडा सांगितला तरी तो पटण्यासारखा आहे की नाही हे लगेच कळेल.

उत्तर-दक्षिण दिशेत अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. पूर्व-पश्चिम दिशेत रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे सरकू तसा आखूड होत जातो. किती आखूड? अक्षांशाच्या कोसाइनने १११ ला गुणायचे. १५ अंशांवर कोसाइन ०.९६६, २० वर ०.९४०, २५ वर ०.९०६. म्हणजे नाशिकच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरचा.

आता दिल्ली घेऊ. दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ८.४४ अंश, गुणिले १११ म्हणजे ९३७ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.१९ अंश. दोन्ही अक्षांशांची सरासरी २४.३४, तिचा कोसाइन ०.९११. म्हणून ३.१९ गुणिले १११ गुणिले ०.९११ म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटर. ९३७ उत्तरेकडे आणि ३२३ पूर्वेकडे, हा काटकोन त्रिकोण झाला. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचे वर्गमूळ: ९९१ किलोमीटर. आठवी-नववीतला पायथागोरस इथे थेट उपयोगी पडतो. वैमानिकांच्या भाषेत हेच अंतर ५३५ सागरी मैल, कारण एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. आपल्या कामाला तो चालतो. भारतातल्या भारतात ही पद्धत पुरेशी आहे. लंडन, सिडनी, न्यू जर्सी अशा लांबच्या अंतरांना मात्र ती लावू नका, तिथे पृथ्वीची वक्रता खरोखर आडवी येते. त्यासाठी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, अशी बेरीज करतात. त्या बेरजेचा उलटा कोसाइन काढून आलेले अंश १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात.

याच रीतीने ओझरहून काढलेली काही सरळ अंतरे, पूर्णांकात:

मुंबई १५८ किमी
इंदूर ३४९ किमी
अहमदाबाद ३५५ किमी
गोवा (मोपा) ४८७ किमी
नागपूर ५४५ किमी
हैदराबाद ५७३ किमी
बंगळूर ८६९ किमी
दिल्ली ९९१ किमी

यातल्या सगळ्या ठिकाणी ओझरहून आज थेट विमान असेलच असे नाही. मार्ग सुरू होतात, बंद पडतात, वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलते. अंतर तेवढे बदलत नाही.

हे आकडे काढले की एक गोष्ट जरूर करा. नकाशावर ती रेषा प्रत्यक्ष ओढा. ओझर ते हैदराबाद रेषा शिर्डी, बीड आणि लातूर यांच्या जवळपास डोक्यावरून जाते. नागपूरची रेषा बुलढाणा, अकोला आणि अमरावतीला लागून जाते. मोपाची रेषा जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, ओझर आणि मोपा यांच्या रेखांशात अंशाच्या विसाव्या हिश्श्याएवढाच फरक, आणि वाटेत पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळपास त्याच रेषेवर. बंगळूरची रेषा विजयपूरवरून, दिल्लीची रतलाम आणि कोट्यावरून. मुलांना घेऊन बसा आणि त्यांनाच ओढू द्या. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा आणि खिडकीतून दिसणारी जमीन यांचा संबंध त्यांना आयुष्यभर लक्षात राहील, असे मला मनापासून वाटते.

पायरी ३: वळणांचे अंतर मिळवा

विमान या सरळ रेषेवरून अगदी तसेच जात नाही. उड्डाण करताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडावे लागते. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणून दिल्लीला जाणारे विमानही आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला उडते आणि मग उत्तरेला वळते. पुढे हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातात, लष्करी हवाई क्षेत्रे टाळावी लागतात, आणि मोठ्या विमानतळाजवळ आल्यावर उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत लागावे लागते. पावसाळ्यात ढगांचे मोठे मनोरे चुकवत जाताना आणखी वळसे पडतात.

यासाठी सरळ अंतरात ५ टक्के मिळवा. दिल्ली ९९१ ची १,०४१ होते, नागपूर ५४५ चे ५७२. मुंबई आणि दिल्ली इथे उतरायचे असेल तर गर्दीच्या वेळी याहून जास्त धरलेले बरे.

पायरी ४: विमान कोणते ते पाहा, मग वेळ काढा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि तिथेच अंदाज चुकतो. ओझरहून दोन जातींची विमाने उडतात. लांबच्या मार्गांवर एअरबस ए-३२० सारखी जेट, जवळच्या मार्गांवर पंखेवाले एटीआर-७२. जेट साधारण पस्तीस हजार फुटांवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. एटीआर सतरा ते वीस हजार फुटांवर आणि ताशी ५०० च्या थोडे पुढे. अंतर तेच, वेळ वेगळी. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा.

वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो. शिवाय विमान जागेवरून हलल्यावर धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला, परवानगीची वाट पाहायला आणि उतरल्यावर जागेवर यायला वेळ लागतो. म्हणून नुसता भागाकार न करता मी हे दोन ठोकताळे वापरतो:

जेट असेल तर वळणांसकट अंतर भागिले १३, अधिक ३५ मिनिटे.
एटीआर असेल तर वळणांसकट अंतर भागिले ८, अधिक २५ मिनिटे.

१३ आणि ८ म्हणजे एका मिनिटात कापलेले किलोमीटर. दिल्ली, जेट: १,०४१ भागिले १३ म्हणजे ८०, अधिक ३५, एकूण ११५ मिनिटे. पावणेदोन तासांच्या थोडे पुढे, दोनला पाच कमी. बंगळूर, जेट: ९१२ भागिले १३ म्हणजे ७०, अधिक ३५, पावणेदोन तास. नागपूर, एटीआर: ५७२ भागिले ८ म्हणजे ७२, अधिक २५, एक तास ३७ मिनिटे. मोपा, एटीआर: दीड तास. अहमदाबाद आणि इंदूर, एटीआर: सव्वा तासाच्या आत. हैदराबादला फरक ठळक दिसतो. जेटने एक तास २० मिनिटे, एटीआरने एक तास ४०.

नागपूर बंगळूरपेक्षा सव्वातीनशे किलोमीटर जवळ, तरी वेळेत फरक जेमतेम आठ मिनिटांचा. कारण विमानाची जात.

तिकिटावरचा वेळ तुमच्या उत्तराहून पाच-दहा मिनिटे जास्त असेल तर बुचकळ्यात पडू नका. कंपन्या वेळापत्रकात थोडी ऐसपैस जागा ठेवतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ नोंदले जाते. म्हणूनच कधी कधी वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोचल्याची घोषणा होते.

जेटचे खाली येणे दिल्लीच्या बरेच अलीकडे सुरू होते. वैमानिकांचा जुना हिशेब असा: दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांना १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर. नाशिक-दिल्ली रेषेवर हे ठिकाण राजस्थानातल्या दौसाच्या आसपास येते. इंजिनाचा आवाज बारीक झाला आणि कानात दडे बसायला लागले की घड्याळ बघा, साधारण अर्धा तास राहिलेला असतो.

पायरी ५: वारा, पण त्याला डोक्यावर चढवू नका

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो. पूर्वेला जाणारे विमान त्याच्या जोरावर लवकर पोचते, पश्चिमेला येणारे रखडते. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचीवर उलट, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा झोत असतो.

नाशिकच्या बाबतीत याचा परिणाम थोडाच. दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे फक्त १९ अंश झुकलेली आहे. ताशी १२० किलोमीटरचा पश्चिमी वारा असला तरी दिल्लीला जाताना त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरच मागून ढकलतो, तोही वाटेच्या काही भागातच. फरक तीन-चार मिनिटांचा. नागपूरचा मार्ग जवळजवळ सरळ पूर्वेला असला तरी एटीआर कमी उंचीवर उडते, तिथे तो जोराचा वारा नसतो. म्हणून देशातल्या प्रवासाला वाऱ्यासाठी पाच मिनिटे इकडेतिकडे धरा आणि पुढे व्हा.

मुंबई-लंडनला मात्र हाच वारा तासाचा फरक पाडतो. सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वळणांसकट ७,५६०. मोठे जेट मिनिटाला साडेचौदा किलोमीटर कापते. जाताना वारा समोरून ताशी ६० किलोमीटर धरला तर मिनिटाला साडेतेरा उरतात आणि वरची ३५ मिनिटे मिळवून प्रवास पावणेदहाच्या पुढे, जवळपास दहा तासांचा होतो. येताना तोच वारा मागून, मग पावणेनऊ तास.

पायरी ६: उत्तर प्रत्यक्षाशी पडताळा

फ्लाइटरडार२४ सारख्या अॅपवर विमानाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांत ते कधी सुटले आणि कधी पोचले हे दिसते. आठवड्याभराच्या नोंदी बघा. तिकिटावरची वेळ ही कंपनीची इच्छा, या नोंदी म्हणजे प्रत्यक्ष वागणूक. तिथे दाखवलेला उड्डाणाचा वेळ बऱ्याचदा चाके सुटल्यापासून चाके टेकेपर्यंतचा असतो, म्हणून तो तिकिटापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे कमी दिसेल.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जायचे असेल तर ही पडताळणी चुकवू नका. दिल्लीचे पहाटेचे धुके सकाळच्या विमानांचे वेळापत्रक कोलमडून टाकते. आणि एकच विमान दिवसभर गावोगाव फिरत असल्याने तो उशीर दुपारी ओझरपर्यंत येऊन पोचतो. धुक्याच्या दिवसांत लग्न, परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच जा. याबाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

पायरी ७: घर ते घर

आता खरा हिशेब. पाच तुकडे जोडायचे: घर ते ओझर, विमानतळावरची थांबणूक, विमानाचा वेळ, उतरल्यावर सामान आणि बाहेर पडणे, तिथून मुक्काम.

ओझरला जायचे म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाने आडगाव सोडून पुढे, ‘दहावा मैल’ नावाच्या ठिकाणाहून जानोरीकडे वळायचे. पंचवटी किंवा आडगावहून अर्धा तास. कॉलेज रोड, गंगापूर रोडहून पाऊण तास ते पन्नास मिनिटे. सिडको, पाथर्डी फाटा, सातपूर, नाशिकरोडहून तास धरा. देवळाली कॅम्पहून सव्वा तास. संध्याकाळी द्वारका चौकातून जायचे असेल तर वर पंधरा-वीस मिनिटे ठेवाच. परत येताना तिथे शहरासारख्या रिक्षा हव्या तेव्हा मिळतील हे गृहीत धरू नका, रात्रीचे विमान असेल तर गाडी आधी सांगून ठेवा.

थांबणूक. ओझर छोटे आहे, रांगा मुंबईसारख्या नसतात, म्हणून दीड तास आधी पोचले तरी पुरते. पण सामान जमा करण्याचा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि बोर्डिंगचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी. विमान अकराचे असेल तर अकरा ही दार गाठायची वेळ नव्हे. मुंबईला देशांतर्गत दोन तास, परदेशी तीन तास.

कॉलेज रोडहून दिल्लीला करोल बागेत जाणाऱ्याचा हिशेब मांडू. घर ते ओझर ५० मिनिटे, थांबणूक ९०, विमान ११५, सामान घेऊन बाहेर ३५, पुढचा प्रवास ४५. एकूण ३३५ मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. हाच माणूस मुंबईमार्गे गेला तर: कसारा घाट, भिवंडी आणि मुंबईतली वाहतूक धरून विमानतळापर्यंत साडेचार तास, थांबणूक दोन तास, मुंबई-दिल्ली विमान (सरळ अंतर ११३५ किलोमीटर) दोन तास सात मिनिटे, पुढचे तेच ऐंशी मिनिटे. जवळजवळ दहा तास. तिकीट ओझरहून महाग दिसले तरी मुंबईच्या टॅक्सीचे भाडे, टोल आणि साडेचार तास समोर ठेवून मगच तुलना करा.

तरीही ओझर नेहमीच जिंकते असे नाही. इथून विमाने मोजकी. तुमचे काम सकाळी दहाचे आणि विमान दुपारचे असेल तर एक मुक्काम वाढतो, आणि त्याचा खर्च आणि वेळ हिशेबात धरायलाच हवा. ओझरहून तिकडे जाणारे एकमेव विमान रद्द झाले तर त्या दिवशी दुसरे नाही, मुंबईला दर तासाला काहीतरी मिळते. मधला पर्याय शिर्डीचा. शिर्डीजवळच्या काकडी गावचा हा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, नाशिकहून रस्त्याने दीड-दोन तास. सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या लोकांनी तर तो आधी तपासावा.

जवळच्या शहरांना विमान हरते. मुंबईचा हिशेब करून बघा: एटीआरने उड्डाण ४६ मिनिटे, पण दोन्हीकडचा रस्ता, दीड तासाची थांबणूक आणि सामान धरून सव्वाचार तास. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून साडेतीन-पावणेचार तासांत सीएसएमटीला सोडते, तेही थेट दक्षिण मुंबईत. पुण्याचे तेच, हवाई अंतर १७१ किलोमीटर असले तरी रस्त्याला पर्याय नाही. माझा ढोबळ नियम असा की सरळ अंतर तीनशेच्या आत असेल तर विमानाचा विचारच करू नये. साडेतीनशेला रस्ता कसा आहे ते बघावे. अहमदाबादला सरळ अंतर ३५५ असले तरी रस्ता सापुताऱ्याकडून जा की पेठ-धरमपूरकडून, घाट आणि गावे पार करत साडेचारशेच्या पुढे जातो. तिथे विमान चार-पाच तास वाचवते.

नागपूरला निवड कठीण आहे. विमानाने घर ते घर पाच तास. सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढले की मोटारीने सात-आठ तास. एकटे असाल किंवा सोबत वयस्क आईवडील असतील तर विमान. चौघांचे कुटुंब, सामान आणि तिथेही फिरायला गाडी हवी असेल तर समृद्धी. फक्त एकट्या चालकाने सलग चालवू नका, सरळ रस्त्यावर डोळा लागतो. दिल्लीला वेळेची घाई नसेल तर मुंबईहून नाशिकरोडमार्गे जाणारी राजधानी रात्रीत पोचवते, आणि झोपेचे तास मी प्रवासात मोजत नाही.

सिंहस्थाच्या काळात, म्हणजे २०२७ च्या पर्वण्यांच्या दिवसांत, वरचे रस्त्याचे सगळे आकडे बाजूला ठेवा. पर्वणीला शहरात वाहनबंदी, वळवलेले रस्ते आणि बाहेरचे वाहनतळ असतात. बाहेरगावहून पाहुणे विमानाने येणार असतील तर त्यांना पर्वणीच्या एक-दोन दिवस आधीचे तिकीट काढायला सांगा आणि ओझरहून घरापर्यंत दुप्पट-तिप्पट वेळ धरा.

पायरी ८: मधला थांबा आणि परदेशाचे घड्याळ

नाशिकहून दिल्ली किंवा बंगळूरला विमान बदलून पुढे जायचे असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करणे कंपनीकडे येते. वेगवेगळी तिकिटे घेतली तर पुढचे विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. त्यातही टर्मिनल बदलते का ते बघा. दिल्लीला टर्मिनल १ वर उतरून टर्मिनल ३ वरून पुढे जायचे म्हणजे बाहेर पडून, वाहनाने जाऊन, पुन्हा सुरक्षा तपासणी. स्वतंत्र तिकिटे असतील आणि पुढे परदेशी विमान असेल तर मध्ये पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

परदेशी तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. आधी पोचण्याची वेळ भारतीय घड्याळात आणा, मग वजाबाकी. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे. उदाहरणार्थ जूनमध्ये मुंबईहून दुपारी एकला सुटून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचणारे विमान. तिथले साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे अकरा. प्रवास दहा तासांचा, साडेपाचचा नव्हे.

शेवटी तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि नाशिकच्या प्रवाशांचा घोटाळा इथेच होतो. तिकिटावर १६ तारीख, पहाटे २:३० असे असेल तर विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १५ तारखेला रात्री साडेअकराला पोचायचे. नाशिकहून रस्त्याला साडेचार तास, घाटातल्या कोंडीसाठी अर्धा तास आणखी. म्हणून घरातून निघायचे १५ तारखेला संध्याकाळी साडेसहाला. कॅलेंडरवर खूण १५ च्या चौकटीत करा, आणि गाडीवाल्याला फोनवर तारखेबरोबर वारही सांगा.